घराच्या वाट्याला आलेला आजार

हे पुस्तक हंटिंग्टनच्या आजाराबद्दल आहे, पण ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्यासाठी ते आहे. अशा घराला हातभार लावू पाहणारे नातेवाईक, शेजारी, आशाताई, शाळेतले शिक्षक आणि गावातले डॉक्टर यांच्यासाठीही ते आहे. मेंदूच्या आनुवंशिक आजारांवर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं ते पेशी, जनुक, प्रथिन इथून सुरू होतं आणि बहुधा तिथंच संपतं. ज्या घरात हे सगळं घडतं ते घर राहूनच जातं. हंटिंग्टनमध्ये निदान एका माणसाचं होतं, पण त्या कागदामुळे त्याची भावंडं, मुलंबाळं आणि अजून जन्माला न आलेली नातवंडंही एका प्रश्नाच्या छायेत येतात. म्हणून या आजाराकडे घराकडे पाहावं तसं पाहिलं पाहिजे.

सुरुवात इतकी किरकोळ असते की कुणाच्या लक्षात येत नाही. बहुतेकांना तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान काहीतरी बिनसायला लागतं. हातातली कपबशी निसटते. बसल्या जागी पायाची बोटं हलत राहतात, खांदा उडतो, भुवई वर जाते. दुकानाच्या हिशेबात चुका होऊ लागतात, बँकेतली सही जुळत नाही. शांत म्हणून ओळखला जाणारा माणूस मीठ कमी पडलं म्हणून ताटावरून उठून जातो. पुढे अंगाला झटके यायला लागतात, चालताना झोक जातो, बोलणं जड होतं. एसटीत कंडक्टर दारुडा समजून खाली उतरवतो. घरचे आधी गोळ्या आणतात, मग मालिश करून घेतात, मग कुणीतरी सांगतं म्हणून देवऋषाकडे जातात. करणी, बाहेरची बाधा, पितरांचा शाप, सगळं ऐकून होतं. मेंदूविकारतज्ज्ञापर्यंत पोचेतो कैक वर्षं गेलेली असतात. लक्षणं दिसू लागल्यापासून हा आजार साधारण पंधरा ते वीस वर्षं चालतो. तो बरा करणारं औषध आज नाही. अंगाचे झटके, नैराश्य, चिडचिड, झोप यांवर मात्र उपयोगी औषधं आहेत आणि ती जरूर घ्यावीत.

घरच्यांना सर्वांत जास्त काय सोसत नाही, हे विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा सारखंच येतं. हातपाय हलतात त्याचं काही नाही, पण माणूस बदलला. मेंदूच्या खोल भागात हालचाल, निर्णय आणि भावनांचा तोल सांभाळणाऱ्या पेशी या आजारात आधी मरतात. त्यामुळे रुग्णाला काम जमत असूनही ते सुरू करता येत नाही. दिवसभर तो एकाच जागी बसून राहतो. एखादी गोष्ट डोक्यात बसली की तीच शंभरदा मागतो. वाट बघणं त्याला जमत नाही. प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो, आणि आपण तेवढ्यात दुसरा प्रश्न विचारलेला असतो. बऱ्याच रुग्णांना आपल्याला काही झालंय हेच जाणवत नाही. घरातले म्हणतात, ‘मुद्दाम करतात.’ हे मुद्दाम नाही, हा आजारच आहे, एवढं घरातल्या प्रत्येकाला उमगलं तरी निम्मी भांडणं थांबतात.

आजाराला ज्यांचं नाव मिळालं ते जॉर्ज हंटिंग्टन त्या वेळी अवघ्या बावीस वर्षांचे होते. त्यांचे आजोबा आणि वडील दोघंही अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या ईस्ट हॅम्प्टन गावी डॉक्टर होते. तीन पिढ्यांनी त्याच गावातली तीच घरं पाहिली होती. त्या निरीक्षणांच्या आधारे १८७२ साली त्यांनी एक छोटा लेख छापला. हा आजार आईबापांकडून मुलांत येतो, तो मोठ्या वयात दिसतो आणि त्यात मन बिघडण्याकडे, जीव देण्याकडे कल असतो, अशा तीन गोष्टी त्यांनी नेमक्या टिपल्या. एखाद्या पिढीतला माणूस यातून सुटला तर पुढे त्याची मुलंही सुटतात, हेही त्यांनी लिहून ठेवलं. जनुक हा शब्दही तेव्हा नव्हता. त्या लेखात आणखी एक नोंद आहे. ज्या घरांत हा आजार होता ती माणसं त्याबद्दल धास्तीने, आणि शक्य तितकं कमी बोलत. दीडशे वर्षांनंतर, सातासमुद्रांपलीकडे, आपल्या तालुक्याच्या गावातही ती नोंद जशीच्या तशी लागू पडते.

आनुवंशिकतेचा हिशेब सोपा आहे, पण घरोघरी तो चुकीचा मांडलेला आढळतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. दर मुलाच्या वेळी नाणं नव्याने उडवलं जातं. म्हणून ‘थोरल्याला झाला, आता धाकटा सुटला’ हे खरं नाही. ‘बापाचा मुलाला जातो, आईचा मुलीला’ हेही खरं नाही. मुलगा-मुलगी असा भेद हा आजार करत नाही. तो एक पिढी सोडूनही येत नाही. मधल्या पिढीतला माणूस लक्षणं दिसण्याआधीच अपघाताने किंवा दुसऱ्या दुखण्याने गेला असेल तर तसा भास होतो, इतकंच. मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून आजार आला, असं म्हणून काही घरांत एका सुनेला जन्मभर बोल लावला जातो. त्या बोलाला शास्त्राचा कसलाही आधार नाही. नात्यातल्या लग्नामुळे काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, पण हंटिंग्टन त्यांतला नाही. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येत असतो. तो सव्वीस वेळांपर्यंत आला तर काळजी नाही, छत्तीस ते एकोणचाळीस असेल तर आजार होईल किंवा होणार नाही, आणि चाळीस किंवा त्याहून अधिक असेल तर पुरेसं आयुष्य मिळाल्यास तो होतोच. सत्तावीस ते पस्तीस या पट्ट्यातल्या माणसाला स्वतःला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो. ही वाढ वडिलांकडून येताना जास्त दिसते. आकडा बराच मोठा असेल तर क्वचित विशीच्या आतही आजार सुरू होतो.

आता या पुस्तकाच्या गाभ्याकडे येतो. हंटिंग्टन असलेली घरं आजार लपवतात. पाहुणे आले की रुग्णाला आतल्या खोलीत बसवलं जातं. सोयरीक जुळवताना ‘आजोबा कशाने गेले’ या प्रश्नाला ‘वाताने’ असं उत्तर दिलं जातं. सासर-माहेर, चुलत-मावस अशा फांद्यांत एकमेकांशी बोलणं बंद होतं, कारण एकाने तोंड उघडलं तर दुसऱ्याच्या मुलीचं लग्न मोडेल अशी भीती असते. आणि एखादी सून लग्नानंतर दहा-पंधरा वर्षांनी, नवऱ्याचा हात हलायला लागल्यावर, सासूच्या तोंडून ऐकते, ‘ह्याचे वडीलही असेच गेले.’ तिची फसवणूक झालेली असते, आणि तिच्याच दोन मुलांची चिंता आता तिच्या वाट्याला आलेली असते.

आपण बाहेरचे लोक या घरांना सहज सांगतो की लपवू नका, उघड बोला. माझं म्हणणं असं आहे की हा सल्ला देण्याचा अधिकार आपल्याला अजून मिळालेला नाही. उघड बोललेल्या घराला आपण आज काय देतो? मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं, नोकरीत बढती थांबते, गल्लीत लोक दोन हात लांब राहतात. लपवणं हे त्या घराने स्वतःसाठी उभं केलेलं कुंपण आहे. ते काढायचं तर आधी दुसरा आधार हवा. बोलायला सुरक्षित जागा, ऐकून घेणारा डॉक्टर, सल्ला देणारा समुपदेशक, रुग्णाची देखभाल करणाऱ्याला सुट्टी देणारा भाऊ हे सगळं आधी, बोलणं त्यानंतर. लग्नाच्या बाबतीत मात्र आडपडदा नको. ज्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती आपण आयुष्य देतो, तिला किंवा त्याला धोक्याची माहिती लग्नाआधी मिळालीच पाहिजे. ती सांगूनही उभी राहिलेली लग्नं आहेत, आणि ती चांगली टिकली आहेत.

१९८३ साली या जनुकाचा ठावठिकाणा सापडला आणि १९९३ साली जनुकच हाती लागलं. तेव्हापासून रक्ताच्या एका नमुन्यावरून, लक्षणं नसतानाही, पुढे काय होणार हे कळू शकतं. पण ही चाचणी साखर तपासण्यासारखी करून घ्यायची नसते. आधी समुपदेशन, मग विचाराला वेळ, मग नमुना, आणि निकाल समोरासमोर, सोबत जवळचं कुणीतरी असताना, असा तिचा क्रम जगभर मान्य आहे. अठरा वर्षांखालच्या निरोगी मुलांची चाचणी करत नाहीत, आईवडिलांनी कितीही आग्रह धरला तरी. ते जाणून घ्यायचं की नाही हे त्या मुलाने मोठं झाल्यावर ठरवायचं असतं. आणि धोका असलेले बहुसंख्य लोक चाचणी करून घेत नाहीत. त्यांना भित्रं म्हणू नये. न जाणण्याचाही हक्क असतो. निकाल चांगला आला तरी सगळे सुटले असं होत नाही. भाऊ अडकला आणि आपण सुटलो, हे ओझं घेऊन जगणारी माणसंही या घरांत असतात.

न जाणण्याच्या या हक्काची जाण नॅन्सी वेक्सलर यांच्या आयुष्यातून फार चांगली येते. १९६८ साली त्यांच्या आईला हंटिंग्टनचं निदान झालं. वडिलांनी संशोधनासाठी संस्था उभारली. नॅन्सी मानसशास्त्रज्ञ होत्या. व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराच्या काठी गरीब कोळ्यांच्या वस्त्यांत हा आजार जगात कुठेही नाही इतका दाटलेला आहे, हे अमेरिको नेग्रेते या तिथल्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं होतं. नॅन्सी त्या वस्त्यांत वर्षानुवर्षं जात राहिल्या. वंशावळ अठरा हजारांवर माणसांची झाली, चार हजारांवर लोकांनी रक्त दिलं. लोक कचरत होते तेव्हा सोबतच्या परिचारिकेने नॅन्सींचा दंड वर करून त्यावरचा त्वचेच्या नमुन्याचा व्रण दाखवला आणि सांगितलं, हिच्याही घरात हाच आजार आहे, हिनेही दिलंय. मग लोक पुढे आले. त्या रक्तातूनच जनुकाचा माग लागला. ज्या चाचणीसाठी नॅन्सी झटल्या, तिच्याबाबत त्यांनी स्वतःचं काय ठरवलं हे मात्र त्या जाहीरपणे सांगत नसत. आपल्याला आजार झाला आहे हे त्यांनी २०२० साली, सत्तरीत, सांगितलं. आणि ज्या कोळ्यांच्या रक्तावर हे ज्ञान उभं राहिलं ते आजही गरिबीतच आहेत, ही गोष्ट संशोधनाचा गौरव करताना विसरता कामा नये.

आधारगट म्हणजे काय, तेही अमेरिकेतल्याच एका घराने दाखवलं. लोकगायक वुडी गथ्री यांची आई या आजाराने वेड्यांच्या इस्पितळात गेली. वुडींनाही बराच काळ दारुडा समजलं गेलं. १९५२ साली निदान झालं, १९६७ साली ते गेले. त्यांची दुसरी पत्नी मार्जरी नृत्यांगना होती. घटस्फोट झालेला असतानाही तिने अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली, आणि त्याच वर्षी मोजक्या घरांना हाताशी धरून संघटना सुरू केली. जनुक सापडायला तेव्हा सव्वीस वर्षं बाकी होती. म्हणजे औषध नसतानाही करण्यासारखं पुष्कळ असतं.

ते काय असतं, हे मी घरांतूनच शिकलो. ऊसपट्ट्यातल्या एका घरात पत्नी नवऱ्याला भरवत होती. त्याला तिने भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना गादी लावून, पाठ ताठ राहील असं बसवलं होतं. चहा आणि पाण्याने त्याला ठसका लागायचा, कारण पातळ पदार्थ घशातून भरकन उतरतात आणि श्वासनलिकेत जातात. म्हणून तिने आंबील दाट केलेली होती. पातळ आमटीत भाताची शितं असली की घसा गोंधळतो, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, तिचं तिला कळलं होतं. ती भात वरणात पूर्ण मऊ कालवायची. टीव्ही बंद. एक घास, तो गिळलेला पाहायचा, मग दुसरा. मध्ये कुणी बोलायचं नाही. घासावर तुपाची धार सढळ होती, कारण या आजारात अंग सतत हलत राहतं, वजन झपाट्याने उतरतं आणि निरोगी माणसाच्या दीडपट-दुप्पट अन्न लागू शकतं. जेवणाला पाऊण तास लागला. दिवसातून अशी चार जेवणं. घशातलं अन्न फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया हे या आजारातल्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे. ती बाई त्या न्यूमोनियाला रोज चार वेळा थोपवत होती, आणि गावाच्या लेखी ती ‘घरीच असते’.

या बाईची विचारपूस कोण करतं? रुग्णाला औषध विचारणारे पुष्कळ असतात. तिची झोप, तिचं पाठीचं दुखणं, तिची मजुरी बुडाली त्याचं काय, हे विचारणारं कुणी नसतं. दीर-जावेने आठवड्यातून एक दिवस रुग्णाजवळ बसणं, नणंदेने सुट्टीत मुलांना घेऊन जाणं, शेजाऱ्याने रेशन आणून देणं, ही या आजारातली खरी मदत आहे. नवरा अंगावर धावून येत असेल तर बायकोने सहन करत राहावं असं कुणी सांगू नये. तिच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेची सोय आधी व्हावी, आणि मनोविकारतज्ज्ञाकडून औषध घ्यावं. मुलांना त्यांच्या वयाला पेलेल इतकं खरं सांगावं. बाबा आजारी आहेत, ते तुझ्यावर रागावलेले नाहीत, तुझ्यामुळे काही झालेलं नाही, एवढं लहान मुलालाही कळतं. न सांगितलेलं त्यांना फटीतून ऐकू येतंच, आणि ते जास्त भयंकर असतं. जीव देण्याचे विचार या आजारात रुग्णाला येतात, धोका असलेल्यांनाही येतात. तसं कुणी बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नये, त्याला एकटं सोडू नये. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं.

कागदपत्रांचा विषय रूक्ष आहे, पण उशीर झाला की फार महागात पडतो. रुग्णाची समज शाबूत असतानाच मृत्युपत्र, बँकेतली नामनिर्देशनं, सामायिक खाती हे करून घ्यावं. कुलमुखत्यारपत्रावर सगळी भिस्त ठेवू नये, कारण ते देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यानुसार ते संपतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकालीन मज्जाविकारांचा गट आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. मूल हवं असलेल्या जोडप्यांना गर्भाची किंवा प्रयोगशाळेतल्या भ्रूणाची आनुवंशिक तपासणी हा मार्ग आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा नोंदणीकृत केंद्रात अशा आजारांसाठीच्या तपासणीला परवानगी देतो. ती करावी की नाही हे त्या जोडप्याने ठरवायचं आहे, सासू-सासऱ्यांनी किंवा डॉक्टरांनी नव्हे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये या घरांसाठी आनुवंशिक समुपदेशन होतं, आणि हंटिंग्टन डिसीज सोसायटी ऑफ इंडिया घरांना एकमेकांशी जोडते.

आशेबद्दल जपून लिहिलं आहे. २०२१ साली एका औषधाची मोठी चाचणी मधेच थांबवावी लागली, तेव्हा जगभरची घरं खचली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिक्योर कंपनीने जनुकीय उपचाराने आजाराचा वेग बराच मंदावल्याचं जाहीर केलं. पण तीन वर्षं पाहिलेले रुग्ण अगदी थोडे आहेत, उपचार मेंदूवरच्या लांबलचक शस्त्रक्रियेतून होतो, आणि तो आपल्याकडे सामान्य घराच्या आवाक्यात कधी येईल हे आज कुणी सांगू शकणार नाही. आशा धरावी. मात्र व्हॉट्सअॅपवरच्या ‘हमखास’ उपचारासाठी शेतीचा तुकडा विकू नये.

वाचकांना शेवटी एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात हा आजार असेल तर हे पुस्तक एका बैठकीत संपवू नका. आज जे प्रकरण लागेल ते वाचा, बाकीचं राहू द्या. आणि तुमच्या घरात तो नसेल, पण नात्यात, गल्लीत, कामाच्या जागी असं एखादं घर माहीत असेल, तर त्यांना आधी आजाराबद्दल काही विचारू नका. दुपारचे दोन तास रुग्णाजवळ मी बसतो, तुम्ही जाऊन या, एवढं म्हणा. बोलायचं असेल तेव्हा ती माणसं आपणहून बोलतील.